आउश्वित्झमध्ये अमेरिकन सैनिक पोहोचलेच नव्हते
आउश्वित्झची छळछावणी अमेरिकन सैनिकांनी मुक्त केली, हा समज काही केल्या जात नाही. २००८ मध्ये बराक ओबामाही चुकले. आपल्या आजीचे भाऊ आउश्वित्झमध्ये शिरले होते, असं ते प्रचारात बोलून गेले. हे भाऊ खरे तर शिरले होते जर्मनीतल्या ओहर्ड्रुफमध्ये, बुखेनवाल्डच्या उपछावणीत, एप्रिल १९४५ मध्ये. आठवण खरीच, छावणीचं नाव तेवढं चुकलं. (पुढे दुरुस्तीही झाली, पण ती लक्षात कोण ठेवतो?)

आउश्वित्झ पोलंडमध्ये. तिथे २७ जानेवारी १९४५ ला पोहोचली ती सोव्हिएत लाल सेना. जवळपास ६०,००० कैद्यांना नाझींनी आधीच थंडीत पायी हाकललं होतं. मागे उरले सुमारे ७,००० कैदी, बहुतेक आजारी. आणि गोदामात कैदी बायकांचे कापलेले केस, सुमारे ७ टन, पाठवणीसाठी बांधून ठेवलेले.