दगडातली झाडं, ओतकामातली झाडं आणि मेंदूतली

बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत काम केलेल्या माणसाला श्रिंकेज, म्हणजे ओतलेला धातू गोठताना आकसून आत राहणारी पोकळी, काय असते हे सांगायला लागत नाही. रिजेक्ट झालेला जॉब (ओतलेला भाग) कापून आतल्या पोकळीत भिंग लावून बघा की, मधे एक दांडा, त्याला काटकोनात फांद्या, फांद्यांना परत बारक्या फांद्या, असं लोखंडाचं रान उभं दिसतं. याला डेंड्राइट म्हणतात. आणि याच गावात मेडिकलची पोरं मेंदूच्या पेशीला फुटलेल्या फांद्यांनाही डेंड्राइटच म्हणतात. हे दोन्हीकडं एकच नाव कसं आलं, त्याची ही थोडी मागची गोष्ट.

सुरुवात दगडापासनं. चुनखडीची लादी फोडली की कधीकधी आत काळी नाजूक झुडपं उमटलेली असतात, यांनाही डेंड्राइटच म्हणतात, जर्मनीतल्या सोल्नहोफेनच्या दगडात तर भरपूर. पूर्वी बऱ्याच जणांना ती जीवाश्म झालेली वनस्पतीच वाटायची. खरं तर दगडाच्या चिरेत मुरलेल्या पाण्यातलं मँगनीज तिथं साचत जातं, झाडाचा काही संबंध नाही. हे काळं खनिज पायरोल्युसाइट (मँगनीजचं एक ऑक्साइड) आहे असं पुस्तकांतनं वर्षानुवर्षं छापून यायचं, 1979 मध्ये पॉटर आणि रॉसमन यांनी नमुने तपासले तर डेंड्राइटमध्ये पायरोल्युसाइट सापडलंच नाही, मँगनीजची दुसरीच ऑक्साइडं निघाली.

धातूतलं सगळ्यात नावाजलेलं झाड रशियन धातुतज्ज्ञ चेर्नोव यांच्याकडचं. 100 टनाच्या पोलादी इंगॉटच्या (ओतलेल्या ठोकळ्याच्या) पोकळीत मिळालेलं, 39 सेंमी लांब. ते असं का वाढतं? वितळलेल्या धातूचा रस गोठताना घट्ट झालेल्या भागाला कुठंतरी जरासा उंचवटा येतो, तो पुढं घुसल्यामुळं त्याच्या टोकापासची उष्णता आणि गोठताना बाहेर टाकलेला कार्बन वगैरे पटकन पसरून जातो, म्हणून ते टोक शेजाऱ्यांपेक्षा जोरात वाढतं, मग त्याच्या बाजूंवर परत उंचवटे. शेवटी या फांद्यांच्या दाटीत रस पोचत नाही आणि रायझर (जादा रस पुरवणारा साठा) कमी पडला की पोकळी राहते, जॉब भंगारात. याचं गणित 1963-64 ला मलिन्स आणि सेकेर्का यांनी मांडलं.

मेंदूकडचा भाग मला जास्त भारी वाटतो. 1865 मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ डायटर्स यांचं काम त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं, त्यात पेशीचा एक लांब धागा आणि बाकीच्या फांद्या वेगळ्या दाखवल्या होत्या, पण फांद्या कुठवर जातात ते दिसत नव्हतं. 1873 मध्ये इटलीत कामिलो गोल्जी यांनी मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि नंतर सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला. शेकड्यातल्या एखाददुसऱ्याच पेशी काळ्या झाल्या, पण ज्या झाल्या त्या टोकापर्यंत. आता गंमत बघा, तो काळा रंग म्हणजे पेशीच्या आत भरलेले सिल्व्हर क्रोमेटचे स्फटिक! म्हणजे मेंदूतलं झाड माणसाला पहिल्यांदा धड दिसलं तेच खनिज भरल्यामुळं. दगडवाल्यांकडं आधीपासनं असलेलं डेंड्राइट हे नाव विल्हेल्म हिस यांनी 1889 च्या सुमारास या फांद्यांना दिलं. बाकी साम्य दिसण्यापुरतंच, कारण पेशी आपल्या फांद्या आतनं बांधते, गरज पडली तर मागंही घेते, लोखंडाला ते जमत नाही.

स्पेनमध्ये काहाल यांनी हीच पद्धत सुधारून वापरली आणि 1888 मध्ये फांद्यांवर बारीक काटे असल्याचं छापलं. लोक म्हणाले, छे, ही चांदीची पुटं आहेत. गोल्जींचाही विश्वास नव्हता. पेशी सुट्या सुट्या असतात का सगळं एक जाळं आहे यावरनं तर दोघांचं इतकं वाजलं की 1906 चं नोबेल वाटून मिळालं तरी गोल्जींनी तिथल्या भाषणात काहालांच्या मताला विरोधच केला. काट्यांसाठी काहालांनी चांदी सोडून मेथिलीन ब्लू हा निळा रंग वापरून बघितला, तरी काटे होतेच. 1959 मध्ये ग्रे यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याच काट्यांवर दुसऱ्या पेशीशी जुळणारे सांधे (सिनॅप्स) दाखवले, मग पुटं म्हणणारे गप्प झाले.