बेस गिटारचे प्रीअँप पेडल आणि त्याची निवड

बेस गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांची कंपने विजेत बदलणाऱ्या भागातून, निघणारा क्षीण विद्युत संकेत सबळ करणे, त्यातील खर्ज, मध्य आणि तार भागांचे प्रमाण बदलणे आणि बहुतेक वेळा तो थेट मिक्सरला देता येईल अशा संतुलित रूपात बाहेर काढणे, ही कामे पायाने चालवायच्या एका लहान पेटीत करणाऱ्या उपकरणाला प्रीअँप पेडल म्हणतात. मोठ्या बेस अँपमध्येही प्रीअँप असतोच, पण तेथे त्याच्या पाठोपाठ पॉवर अँप आणि स्पीकर कॅबिनेट जोडलेले असते. पेडलमध्ये हा पहिला टप्पा सुटा मिळतो. म्हणूनच पेडल निवडताना त्यातून निघालेली केबल कोठे जाणार आहे, हे आधी ठरवावे लागते. आवाजाच्या रंगाचा विचार त्यानंतर येतो.

लिओ फेंडर यांचा प्रेसिजन बेस 1951 मध्ये बाजारात आला, आणि पुढची अनेक वर्षे बेसचा आवाज म्हणजे गिटार आणि अँप या जोडीचा आवाज असेच समीकरण होते. 1969 मध्ये आलेला अँपेग कंपनीचा 300 वॅटचा एसव्हीटी हा या परंपरेचा कळस म्हणता येईल. स्टुडिओत मात्र दुसरी वाट आधीच रुळली होती. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत 1960 च्या दशकात जेम्स जेमर्सन यांचा बेस अँपविना थेट कन्सोलमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या मोठ्या मिक्सरमध्ये, जात असे. 1976 च्या म्युझिक मॅन स्टिंगरे या बेसने प्रीअँप गिटारच्याच अंगात बसवून तो मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात आणला. सुट्या पेडलला आजचे स्थान मिळवून दिले ते टेक 21 या अमेरिकी कंपनीच्या सॅन्सअँप बेस ड्रायव्हर डीआय या 1992 च्या पेडलने. निर्वात नळ्यांचा अँप, त्याचे कॅबिनेट आणि त्यासमोर ठेवलेला माइक या साखळीचा एकत्रित परिणाम अॅनालॉग सर्किटने उभा करावा आणि तो थेट मिक्सरला द्यावा, ही त्यामागची कल्पना होती. 2009 मध्ये हेलसिंकीत सुरू झालेल्या डार्कग्लास कंपनीने मेटल संगीताला साजेसा, खरखरीत तरीही एकेक स्वर वेगळा ऐकू येणारा आवाज लोकप्रिय केला. आजची बहुतेक पेडले या दोन घराण्यांपैकी एकाकडे झुकणारी आहेत, किंवा आवाजाला शक्य तितका कमी रंग देणाऱ्या तिसऱ्या प्रकारात मोडतात.

पेडलची केबल अँपच्या पुढच्या इनपुटमध्ये जात असेल तर संकेत दोन प्रीअँपमधून जातो आणि दोघांच्या टोन नियंत्रणांचा परिणाम एकमेकांवर चढतो. अँपला इफेक्ट्स रिटर्न, म्हणजे थेट पॉवर अँपकडे नेणारा इनपुट, असल्यास पेडल तेथे जोडावे. मग अँपचा स्वतःचा प्रीअँप बाजूला पडतो. केबल थेट मिक्सरमध्ये किंवा रेकॉर्डिंग इंटरफेसमध्ये जात असेल तर कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल करणारी सोय जवळपास अनिवार्य ठरते. बेसचा स्पीकर साधारण 4 ते 5 किलोहर्ट्झच्या वरचा भाग आपोआप कापतो. ही गाळणी नसेल तर विकृत केलेला (डिस्टॉर्शनचा) आवाज कर्कश, किरकिरा येतो. उलट, खऱ्या कॅबिनेटमध्ये वाजवताना ही नक्कल चालू राहिली तर वरचा भाग दोनदा कापला जाऊन आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा होतो. म्हणून दोन्ही ठिकाणी वाजवणाऱ्याने ही सोय स्वतंत्र बटणाने बंद करता येते का, हे आवर्जून पाहावे. महाराष्ट्रातील ऑर्केस्ट्रा, गणेशोत्सवातील मंच किंवा गोव्यातील लग्नांत वाजवणारे बँड यांत बेसवादकाला स्वतःचा अँप नेणे अनेकदा परवडत नाही आणि भाड्याने मिळणारा अँप कसा निघेल याचा भरवसा नसतो. अशा वादकाच्या हातचा खरा अँप म्हणजे हे पेडलच होय, आणि त्याने डीआय आउटपुट, म्हणजे मिक्सरला थेट संतुलित संकेत देणारी जोडणी, हिच्या दर्जाला सर्वांत जास्त महत्त्व द्यावे.

डीआय आउटपुटबाबत तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे पेडल बायपास, म्हणजे पायाच्या खटक्याने बाजूला काढलेले, असतानाही ते चालू राहते का. राहत नसेल तर पाय पडताच मंचावरून बेस नाहीसा होतो. दुसरी, प्री आणि पोस्ट असा निवडीचा खटका आहे का. प्री स्थितीत मिक्सरकडे मूळ संकेत जातो आणि पोस्ट स्थितीत घडवलेला. रेकॉर्डिंगमध्ये मूळ संकेत राखून ठेवणे फार उपयोगी पडते, कारण तोच नंतर वेगळ्या अँपमधून किंवा पेडलमधून पुन्हा काढता येतो. तिसरी गोष्ट ग्राउंड लिफ्ट. भारतातील वीजपुरवठा 50 हर्ट्झचा आहे, आणि चार तारांच्या बेसवरील सर्वांत जाड ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी हा स्वर 49 हर्ट्झचा. त्यामुळे अर्थिंगच्या दोषातून येणारी घूं नेमकी वाद्याच्या कामाच्या भागात बसते. ती इक्वलायझरने कापू गेल्यास स्वरही सोबत जातो. ग्राउंड लिफ्टचा खटका सिग्नल केबलच्या शील्डची जोडणी तोडून ही घूं अनेकदा थांबवतो. घूं थांबवण्यासाठी विजेच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती जिवावर बेतणारी आहे आणि कोणत्याही परिस्थितीत तसे करू नये.

पॅसिव्ह, म्हणजे आत प्रीअँप नसलेल्या, बेसच्या पिकअपला पुढच्या उपकरणाचा इनपुट इंपीडन्स (संकेताला होणारा विद्युत अवरोध) मोठा लागतो, साधारण 1 मेगओहम किंवा त्याहून अधिक. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इंपीडन्स बहुधा 10 किलोओहमच्या आसपास असतो, म्हणून बेस सरळ तेथे खोचल्यास आवाज मळकट आणि बोथट येतो. अॅक्टिव्ह, म्हणजे आतच प्रीअँप असलेल्या, बेसला ही अडचण नसते, पण त्याचा संकेत मुळात जोरकस असतो आणि तेथे हेडरूमचा, म्हणजे संकेत न फाटता वाढू शकेल अशा मोकळ्या जागेचा, प्रश्न उभा राहतो. खर्ज 12 डेसिबलने वाढवणे म्हणजे त्या भागाचा व्होल्टेज चौपट करणे. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारेवर आघात करून, वाजवताना संकेताचे शिखर 1 व्होल्टपर्यंत गेले तर चौपटीत ते 4 व्होल्ट होते, आणि 9 व्होल्टवर चालणाऱ्या सर्किटला मध्यबिंदूपासून वर-खाली साडेचार व्होल्टहून कमीच जागा असते. म्हणून काही पेडले 18 व्होल्टवर चालतात किंवा 9 व्होल्ट घेऊन आतल्या आत ते वाढवतात. केवळ 9 व्होल्टसाठी बनवलेल्या पेडलला 18 व्होल्ट देऊ नयेत. मिक्सरकडून माइकच्या केबलमधूनच येणाऱ्या 48 व्होल्ट फँटम पॉवरवर चालणारी पेडले मंचावर सोयीची असतात, मात्र त्या वाटेने सुमारे 10 मिलिअँपिअर इतकाच प्रवाह घेता येतो. डिजिटल किंवा नळीच्या पेडलला तो पुरत नाही.

टोन नियंत्रणांपैकी मध्य भागाचे नियंत्रण सर्वांत मोलाचे आहे, आणि खरेदी करताना नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते. मूळ सॅन्सअँप बेस ड्रायव्हरवर केवळ बेस आणि ट्रेबल होते आणि त्याचा मध्य भाग स्वभावतःच खोलगट होता. एकट्याने वाजवताना हा आवाज भरदार आणि चकचकीत वाटतो. गिटार, की-बोर्ड आणि ड्रम यांच्या गर्दीत मात्र त्यातला स्वर शोधावा लागतो. नंतरच्या आवृत्तीत मध्य भागाचे नियंत्रण देण्यात आले, ते योग्यच झाले. 40 ते 80 हर्ट्झच्या पट्ट्यात वजन असते, पण तेथे किक ड्रमही असतो, आणि आपल्याकडच्या वाद्यमेळात ढोलकीची किंवा तबल्याच्या डग्ग्याची घुमही जवळपासच असते. कोणता स्वर वाजला हे श्रोत्याला कळते ते मुख्यतः 500 ते 1000 हर्ट्झच्या आसपासच्या भागामुळे. मोबाइलच्या लहान स्पीकरवर सर्वांत खालच्या ई स्वराचे 41 हर्ट्झ मुळीच वाजत नाहीत. कान 82, 123 अशा वरच्या उपस्वरांवरून मूळ स्वर मनाशी जुळवतो. मध्य भागाची वारंवारता सरकवता येणारे पेडल म्हणूनच थोडे महाग असले तरी घ्यावे. न्यूयॉर्कच्या अग्युलर कंपनीचे टोन हॅमर हे असे पेडल आहे.

विकृती वाढवली की उपस्वर वाढतात, पण खर्जाचा पाया पातळ वाटू लागतो. त्यावर उपाय म्हणजे ब्लेंड, अर्थात मूळ स्वच्छ संकेत आणि घडवलेला संकेत यांचे हवे तसे मिश्रण. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे विकृतीची सोय, असलेल्या बेस पेडलवर ब्लेंड नसेल तर ते मुळात सहा तारांच्या गिटारसाठी बनवलेले असण्याची शक्यता धरावी. ज्याच्या बेसवरच तीन बँडचा अॅक्टिव्ह प्रीअँप आहे त्याला पेडलवर आणखी एक स्वच्छ इक्वलायझर घेऊन फारसे साधत नाही. त्याने रंग आणि डीआय यांसाठी पैसे मोजावेत. पॅसिव्ह बेसच्या वादकाची गरज उलट असते.

दुकानात पेडलांची तुलना करताना दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणणे आवश्यक आहे, कारण जे थोडे मोठे वाजते ते कानाला चांगले वाटते. हळू आवाजात कान खर्जाला मंद असतो, म्हणून घरी लावलेली बेसची घुंडी मंचावरच्या आवाजात जवळजवळ नेहमीच जास्त ठरते. शक्य असल्यास पेडल तालमीला नेऊन, सर्व वाद्ये चालू असताना, स्वतःच्याच गिटारवर वाजवून पाहावे. त्या वेळी सर्व नियंत्रणे मध्यावर ठेवून सुरुवात करावी आणि खोलीत थोडे दूर उभे राहून ऐकावे, कारण स्पीकरच्या अगदी जवळ खर्जाचा खरा अंदाज येत नाही.