जादूच्या गेममधली मजा आली कुठून?

यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांत जादूची लढाई आली ती बहुतेक मोबाईलवरच, २०१६ नंतरच्या स्वस्त डेटासोबत. घरी कॉम्प्युटर असलेले पोट्टे मोजकेच. 'मोबाईल लेजेंड्स'सारखे गेम जून २०२० च्या चिनी ॲपवरच्या बंदीत गेले, पण त्यांची पद्धत इतर गेममध्ये राहिली: कोपऱ्यात गोल बटणं, दाबलं की आग पडते, मग बटण काही सेकंद करडं. दिसायला भारी, पण जादू केली ती फोननं. आपण नुसतं बटण दाबलं.

सुरुवात अशी नव्हती. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला, कागद आणि फाशांवर खेळायचा. त्यातला जादूगार मंत्र पाठ करून निघायचा आणि एकदा वापरला की तो विसरायचा. ही कल्पना अमेरिकन लेखक जॅक व्हान्स यांच्या कथांमधली. म्हणजे आधी ठरवा, मग भोगा. १९८१ च्या 'विझर्ड्री' या कॉम्प्युटर गेममध्ये मंत्राचं नाव कीबोर्डवर टाइप करावं लागे. छोट्या आगीसाठी 'हॅलिटो'. १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये आकडेमोड सोपी झाली: प्रत्येक मंत्राला ठरावीक पॉइंट, संपले की संपले.

खरं वळण १९८७ च्या 'डंजन मास्टर'चं. राक्षस थांबत नाही, तो चालून येतोय, आणि तुम्ही एकेक चिन्ह निवडून मंत्र जुळवताय. आधी ताकदीचं चिन्ह, मग 'फुल', मग 'इर', तेव्हा कुठे आगीचा गोळा सुटतो. मंत्र गेमनं शिकवलेला नसला तरी चिन्हं ठाऊक असली की प्रयत्न करता येई. माझ्या मते समाधान इथंच जन्मलं: घाईत, धोक्यात, स्वतःच्या बोटांनी.

२००२ मध्ये फ्रान्सच्या अर्केन स्टुडिओजनं 'आर्क्स फटालिस'मध्ये माऊसनं हवेत चिन्हं काढायला लावली. रेघ वाकडी गेली की मंत्र फसला. वैतागवाणं होतं, पण जमलं की भलतंच आवडायचं.

२०११ चा स्वीडिश 'मॅजिका' त्याहून खट्याळ. आठ मूलतत्त्वं, ती पटापट जोडून मंत्र करायचा, आणि तुमची आग सोबत्यांनाही जाळते. अंग ओलं असताना वीज काढू गेलात तर झटका तुम्हालाच. पावसाळ्यात विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर दाबणाऱ्याला हा नियम वेगळा समजावावा लागत नाही. 'डोटा' या गेममधला इन्व्होकर नावाचा जादूगार याच जातीचा: तीन गोळे, त्यांच्या जुळणीतून दहा मंत्र, आणि लढाईच्या धांदलीत ते आठवायचे. २०२० चा फिनलंडचा 'नोइटा' तर जादूची छडीच स्वतः बांधायला लावतो. चुकीची बांधली की पहिल्याच फटक्यात स्वतःचाच निकाल.

यातलं बरंच काही कॉम्प्युटरशिवाय खेळता येत नाही, ही अडचण आहेच. 'आर्क्स फटालिस'चा सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्राम, मात्र २०११ मध्ये खुला झाला आणि त्यावर हौशी मंडळींनी 'आर्क्स लिबरटाटिस' ही त्याच गेमची सुधारलेली आवृत्ती उभी केली. मूळ गेम विकत घ्यावा लागतो, पण जुनाट लॅपटॉपवरही तो चालतो, आणि मध्येच लाइन गेली तरी बॅटरी असेपर्यंत रेघा काढता येतात.