चिचुंद्रीची धाव, पालीचा ठिय्या

रात्री पाणी प्यायला उठून स्वयंपाकघरातला दिवा लावावा, तर दोघी हमखास दिसतात. ट्यूबलाइटशेजारी पाल, झोपण्याआधी होती त्याच जागी. आणि खाली भिंतीची कड न सोडता चीं चीं करत धावणारी चिचुंद्री. दोघींचं भक्ष्य तेच, किडे आणि झुरळं. मग एकीचा जीव असा टांगणीला का, आणि दुसरी एवढी निवांत कशी?

चिचुंद्री आपल्यासारखी उष्ण रक्ताची. तिच्या अंगातली शेगडी अहोरात्र पेटती राहावी लागते. त्यात जीव एवढासा, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. एखाददुसरा दिवस उपास घडला तरी तिच्या जिवावर बेतू शकतं. पाल ही शेगडी पेटवतच नाही. हवेची, भिंतीची ऊब तिला पुरते. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या तुलनेत सरडा-पालीच्या कुळाचा खर्च दहाव्या हिश्श्याच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी असतो.

आकाराचा हिशेब मॅक्स क्लायबर यांनी 1932 मध्ये मांडला. वजन दहा हजार पटींनी वाढलं, तर ऊर्जेचा खर्च साधारण हजार पटींनीच वाढतो. म्हणजे हत्तीच्या अंगातला एक ग्रॅम उंदराच्या एका ग्रॅमपेक्षा फारच काटकसरीने जगतो.

हाच हिशेब जंगलाला लावला की मला खरी मौज वाटते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये हबर्ड ब्रूक नावाचं जंगल आहे. थॉमस बर्टन आणि जीन लायकन्स यांनी तिथल्या सॅलॅमँडरांचं एकूण वजन काढलं आणि 1975 मध्ये प्रसिद्ध केलं. सॅलॅमँडर म्हणजे बेडकाचा शेपटीवाला भाऊबंद, बोटाएवढा, पालापाचोळ्याखाली दडून राहणारा. त्या जंगलात दिवसभर कानावर पडतात ते पक्षी. पण ऐन विणीच्या हंगामातल्या सगळ्या पक्ष्यांच्या दुपटीहून जास्त वजन भरलं या मुक्या जिवांचं!

हे कसं जमतं? आपल्याकडे म्हणतात ना, खाल्लेलं अंगी लागलं पाहिजे. पक्षी आणि लहान सस्तन प्राणी यांच्या पचलेल्या शंभर उष्मांकांतले जेमतेम एक-दोन नवं मांस बनतात, बाकीचे शेगडीत जातात. सॅलॅमँडरच्या बाबतीत निम्म्याच्या आसपास अंगी लागतात. पक्ष्याला टिपणंही परवडणार नाही असे बारीक किडे खाऊन तो वाढतो, आणि मग सापाच्या किंवा पक्ष्याच्या पोटात जातो. जंगलाची ही शिदोरी अशी पाचोळ्याखाली बांधली जाते.

आपल्या भातखाचरांत हेच काम बेडूक करतात. मोठा बेडूक कोरडे महिने जमिनीत गाडून घेऊन काढतो, अंगातल्या चरबीवर. मृगाच्या सरी कोसळल्या की वर येतो, पिवळाधमक होऊन डराव डराव करतो आणि खाचरातल्या किड्यांवर तुटून पडतो. एवढा लांब उपास चिचुंद्रीला सात जन्मांत जमणार नाही. या बेडकांच्या तंगड्या भारतातून परदेशी जात असत. किडे खाणारा हा प्राणी शेतातून नाहीसा होतोय हे ध्यानात आल्यावर 1987 मध्ये ती निर्यात बंद झाली. फार योग्य निर्णय होता तो.

या काटकसरीची एक दुखरी बाजू आहे. थंड रक्ताच्या प्राण्याचा खर्च त्याच्या हातात नसतो, तो भोवतालची हवा ठरवते. दहा अंशांनी तापमान वाढलं की बसल्या जागी होणारा खर्च साधारण दोन ते तीन पट होतो. जमिनीत निजलेल्या बेडकाजवळ चरबी मात्र पावसाळ्यात साठवली तेवढीच असते. माती जितकी तापेल तितकी ती लवकर सरते, आणि मृग कोरडा गेला तर उरल्यासुरल्या चरबीवर त्याला आर्द्रापर्यंत कळ काढावी लागते.