झाओ वू-की आणि चू ते-चुन: गफलत कुठे होते?

आपले चित्रकार सय्यद हैदर रझा 1950 मध्ये पॅरिसला पोहोचले, तेव्हा झाओ वू-की तिथे येऊन दोन वर्षं झाली होती. चू ते-चुन तैवानमार्गे 1955 मध्ये आले. या दोन चिनी चित्रकारांची गल्लत होणं साहजिक आहे. दोघांचा जन्म 1920 चा, दोघेही हांगझौच्या कलाशाळेत लिन फेंगमियन यांच्या हाताखाली शिकले, पुढे फ्रेंच नागरिक झाले, फ्रान्सच्या ललित कला अकादमीवरही निवडून गेले. दोघांच्याही अमूर्त चित्रांत डोंगर, धुकं, पाणी जाणवतं, पण 'हा बघा डोंगर' असं बोट ठेवता येत नाही.

फरक ओळखायचा तर कुंचल्याचा फटकारा बघावा. चू यांचा फटकारा सुलेखनातला आहे. काळ्या-निळ्या पार्श्वभूमीवर तो ठसठशीत उमटतो आणि हात कुठून कुठे वळला हे डोळ्यांना कळतं. 1980 च्या दशकात आल्प्समधला बर्फ पाहून त्यांनी हिमचित्रं केली. त्यांत पांढरे ठिपके वर भुरभुरतात, तरी खालचे काळे फटकारे दबत नाहीत. झाओ यांच्याकडे रेषा विरघळते. 1951 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये चित्रकार पॉल क्लेची चित्रं पाहिल्यावर ते प्राचीन चिनी अस्थिलेखांतल्या, म्हणजे हाडांवर कोरलेल्या लेखांतल्या, खुणांकडे वळले, आणि त्या दशकाच्या शेवटी त्या खुणाही अवकाशात विरल्या. तेव्हापासून बहुतेक चित्रांना नाव म्हणून फक्त तारीख. '29.01.64' अशी पाटी दिसली तर झाओ. ही खूण सोपी आहे, पण पाटी वाचण्याआधी चित्रासमोर थोडं थांबावं असं मला मनापासून वाटतं.

चू यांना अमूर्ताकडे नेलं ते 1956 मध्ये पॅरिसमध्ये पाहिलेल्या चित्रकार निकोला द स्ताएल यांच्या प्रदर्शनानं.

'चिनी मुळं आणि फ्रेंच तैलरंग' हे एकच वर्णन दोघांना चिकटवलं जातं, ते मला पटत नाही. चू यांनी सुलेखनाचा सराव कधी सोडला नाही. झाओ मात्र 'चिनी चित्रकार' असा शिक्का नको म्हणून शाई या पारंपरिक चिनी माध्यमापासून बरीच वर्षं लांब राहिले. पत्नी मे यांच्या आजारपणात मोठं तैलचित्र हाती घेणं जमेना, तेव्हा 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कविमित्र आंरी मिशो यांच्या आग्रहामुळे ते पुन्हा शाई आणि कागदाकडे आले.