पांढऱ्या साडीतली बाई (सिनेमातला संकेत)

जुन्या हिंदी-मराठी रहस्यपटात रात्री, पावसात, सुन्या रस्त्यावर किंवा पडक्या वाड्यात दिसणारी, केस मोकळे सोडलेली आणि बहुतेक वेळा गाणारी बाई. १९४९ चा 'महल' ते १९६७ चा 'अनिता' हा तिचा साधारण काळ धरतात. ती कशी दिसते ते कुणाला सांगायला नको.

वाद आहे तो ती आली कुठून यावर. लोकसमजुतीतून आली असं एक मत. गोव्यात या मताला लगेच मान डोलावतात कारण आळवंतीण इथे प्रत्येक आजीला ठाऊक, पोटुशी असताना नाहीतर बाळंतपणात मेलेली बाई. (आपल्याकडे देवचार पुरुष, तो गावाची राखण करतो, त्याला रोट आणि सोरो (दारू) मिळतो, बाई मेली की मात्र ती झपाटणारीच, हे जरा बघण्यासारखं आहे.) पण आळवंतिणीचं भय बाळंतिणीला आणि बाळाला, सिनेमातली बाई तर कायम एकट्या, बऱ्या घरच्या पुरुषालाच गाठते, त्यामुळे हे मत थोडं लंगडं पडतं.

दुसरं मत विधवेच्या पांढऱ्या साडीचं. इथे एक अडचण आहे जी मराठी लिहिणाऱ्यांनी तरी विसरू नये, आपल्याकडच्या केशवपन केलेल्या विधवेचं आलवण तांबडं असायचं, पांढरं नव्हे. पांढरं थान, म्हणजे विधवेची बिनकाठाची साडी, बंगालचं. आणि या सिनेमांचे कर्तेही बरेचसे बंगालीच निघतात: 'मधुमती'चे (१९५८) बिमल रॉय, कथा ऋत्विक घटकांची, 'बीस साल बाद' (१९६२) आणि 'कोहरा'चे (१९६४) बिरेन नाग, दोन्हींचे निर्माते-संगीतकार हेमंतकुमार. त्यामुळे साडी बंगालची असावी हेच जास्त पटतं. उजेड मात्र जर्मन म्हणावा लागेल, कारण 'महल'चा कॅमेरा जोसेफ विर्शिंग यांचा, ते म्युनिकहून बॉम्बे टॉकीजमध्ये आलेले, आणि ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर अंधारात पांढरं कापड जेवढं उठतं तेवढं दुसरं काहीच उठत नाही, म्हणजे अर्धं कारण निव्वळ तांत्रिकही असेल.

आता ही बाई खरंच भूत असते का? बहुतेकदा नाही. 'महल'मधली कामिनी शेवटी माळ्याची मुलगी आशा निघते. 'वो कौन थी?' (१९६४) मध्ये वायपर बंद पडतात, साधना गाडीत बसते आणि कब्रस्तानाकडे न्यायला सांगते, पण मागे असतो इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेला नातेवाईक आणि जुळी बहीण. म्हणजे घाबरवते बाई आणि डाव पुरुषाचा, भोगते मात्र निर्दोष बायको, नवऱ्याच्या संशयापायी. 'मधुमती' वेगळा, तिथलं भूत खरं आहे आणि ते गुन्हेगाराकडून खून कबूल करवून घेतं, जिवंत मधुमतीला जे जमलं नाही ते मेल्यावर जमतं. स्त्रीला सगळ्यात जास्त वजन देणारा यातला हाच म्हणावा. मराठीत राजा परांजपेंचा 'पाठलाग' (१९६४) महत्त्वाचा, त्यावरूनच राज खोसलांनी 'मेरा साया' (१९६६) काढला. तिथे बाई भूत नाही, आपण बायकोच आहोत हे कोर्टात पटवत बसलेली आहे, जे भुतापेक्षा भयंकर.

एक छोटी गोष्ट इथेच नोंदवावी: 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला' गाण्याच्या पहिल्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे पात्राचं. लता मंगेशकरांचं नाव नाही. लतादीदींचे वडील गोव्यातल्या मंगेशीचे, म्हणून इकडे हा किस्सा जरा जास्तच रंगतो.

रंगीत सिनेमा रुळला आणि पांढऱ्या साडीची गरज उरली नाही. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर' (१९८४) वगैरेत राक्षस पुरुष झाला, बाई बाथरूममध्ये किंचाळायला उरली.