परखड टीकेने काम सुधारतेच का?
टीका जितकी परखड तितकी सुधारणा अधिक, ही समजूत जुनी असली तरी खरी नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये कामावरील अभिप्रायाच्या परिणामांविषयीचे ६०० हून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा अभिप्रायामुळे सरासरी सुधारणा दिसली खरी, परंतु एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी काम उलट खालावले होते. लक्ष कामावरून स्वतःकडे वळले की अभिप्रायाचा उपयोग घटतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. ‘तुम्ही निष्काळजी आहात’ हे ऐकणारा स्वतःचा बचाव करू लागतो (त्यात नवल ते काय?), ‘दुसऱ्या तक्त्यातील बेरीज जुळत नाही’ हे ऐकणारा बेरीज तपासतो. म्हणून मोघम शेरा आल्यास तो मनाला लावून घेण्याआधी किंवा धुडकावण्याआधी ‘नेमके कुठे चुकले?’ एवढे शांतपणे विचारून घ्यावे.